एक्झॉस्ट टेम्परेचर सेन्सरचा कोड आलाय? आधी सर्किट तपासा, मग सेन्सर

स्कॅनरवर ‘एक्झॉस्ट गॅस टेम्परेचर सेन्सर सर्किट’ अशी ओळ उमटली की नवख्या माणसाच्या डोळ्यांत त्यातला एकच शब्द भरतो: सेन्सर. शेवटचा शब्द, सर्किट, वाचलाच जात नाही. मग नवा सेन्सर मागवला जातो. जुना गंजून बसलेला काढताना तासभर घाम गळतो, कधी पाइपातले आटेही जातात, आणि चार दिवसांनी गाडी तोच दिवा लावून परत दारात. कोडने सेन्सर खराब आहे असं म्हटलेलंच नसतं. सेन्सर, कनेक्टर, दोन वायरी, अर्थ (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) या साखळीत कुठेतरी बिघाड आहे, एवढंच त्याने सांगितलेलं असतं.

तो बिघाड कोणत्या कडीत आहे हे शोधायला एक मल्टिमीटर, लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर आणि वायरचा एक छोटा तुकडा पुरतो. सोबत त्या गाडीचा वायरिंग डायग्राम मात्र हवाच. त्याच्याशिवाय कुठली वायर सिग्नलची आणि कुठली अर्थची हे अंदाजाने ठरवू नका.

हा सेन्सर करतो काय

डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये असे दोन-तीन, कधी चार सेन्सर असतात: टर्बोच्या आधी, ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टच्या आसपास, डीपीएफच्या (काजळी अडवणाऱ्या गाळणीच्या) पुढे-मागे, आणि एससीआर (नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी) यंत्रणा असेल तर तिच्या आधी. काही टर्बो पेट्रोल गाड्यांतही तो असतो. टर्बोआधीचा सेन्सर टर्बोची राखण करतो. एक्झॉस्ट फार तापला की ईसीयू इंधन आवरतं घेतो. डीपीएफजवळचे सेन्सर काजळी जाळण्याच्या कामावर असतात. गाळणीत साठलेली काजळी जळायला साधारण ५५० ते ६५० अंश सेल्सिअस लागतात. तेवढं तापमान ईसीयू जादा इंधन सोडून आणतो आणि ते आणताना त्याची नजर याच सेन्सरांवर असते. त्यांचा भरवसा गेला की बहुतेक गाड्या हे रिजनरेशनच बंद करतात. मग गाळणी भरत जाते, पिकअप पडतो आणि एक दिवस गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू तिची ताकदच आवरून धरतो. ‘गाडी चालतेय ना, मग दिवा जळू दे’ असं या कोडच्या बाबतीत करू नका.

आता थोडं आतलं. हे नीट समजलं तर पुढच्या सगळ्या तपासण्या सोप्या होतात, म्हणून इथे घाई नको.

बहुतेक गाड्यांतला हा सेन्सर म्हणजे दोन वायरींचा, तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा तुकडा. त्याच्या दोन जाती. पहिली प्लॅटिनमची, जिला पीटीसी म्हणतात: तापमान वाढलं की रेझिस्टन्स वाढतो. यातला पीटी२०० हा प्रकार फार ठिकाणी दिसतो. शून्य अंशाला २०० ओहम, ३० अंशांच्या आसपास २२० च्या थोडा वर, १०० अंशांना साधारण २७५, ५०० अंशांना साडेपाचशेच्या आसपास आणि ९०० अंशांना आठशेच्या जरा खाली. दुसरी जात एनटीसी: तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होतो. थंड असताना तो इतका मोठा असतो की मीटर लाखांत, कधी त्याहूनही वर आकडा दाखवतो.

ईसीयू रेझिस्टन्स थेट मोजत नाही, तो व्होल्टेज मोजतो. आतून ५ व्होल्ट एका ठरावीक रेझिस्टरमधून सिग्नल वायरवर येतात, पुढे सेन्सरमधून जाऊन अर्थला मिळतात. आतला रेझिस्टर १००० ओहमचा धरा. पीटी२०० सेन्सर थंड असताना सिग्नल वायरवर ०.९ व्होल्ट पडतील, ९०० अंशांना २.२ च्या आसपास. म्हणजे सेन्सर धडधाकट असेल तर सगळं आयुष्य तो याच दोन आकड्यांच्या मधे काढणार. वायर तुटली की सिग्नल वायरवर पूर्ण ५ व्होल्ट चढतात. सिग्नल अर्थला टेकला की शून्य. दोन्ही आकडे खऱ्या तापमानात येणं शक्यच नाही, म्हणून ईसीयू लगेच ओळखतो की ही सर्किटची भानगड आहे आणि कोड लावतो.

कोड वाचताना

बँक १ (इंजिनाची पहिली सिलिंडर-रांग) सेन्सर १ साठी पी०५४४ म्हणजे सर्किटमध्ये बिघाड, पी०५४५ म्हणजे सर्किट लो, पी०५४६ म्हणजे सर्किट हाय. सेन्सर २ साठी हेच त्रिकूट पी२०३१, पी२०३२ आणि पी२०३३. सेन्सर ३ साठी पी२४२ए, पी२४२सी आणि पी२४२डी.

इथे एक गफलत हमखास होते. ‘हाय’ म्हणजे तापमान जास्त असं नव्हे. व्होल्टेज जास्त. सर्किट हाय आलं तर मनात पहिला संशय तुटलेल्या वायरीचा, सुटलेल्या कनेक्टरचा किंवा आतून तुटलेल्या सेन्सरचा धरा. सर्किट लो आलं तर सिग्नल वायर कुठेतरी अर्थला टेकलीय असं समजा. स्कॅनरवरचं तापमान मात्र सेन्सरच्या जातीप्रमाणे उलटसुलट दिसेल. वायर तुटली तर पीटीसीच्या गाडीत पडद्यावर अफाट मोठा आकडा येतो आणि एनटीसीच्या गाडीत उणे ४० सारखा. शॉर्ट झाली तर बरोबर याच्या उलट. हे तक्त्यासारखं पाठ करू नका. वरचा ५ व्होल्टचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा, आपोआप लक्षात राहतं.

पी२०८०, पी२०८४, पी२४२बी हे कोड वेगळ्या घरचे. त्यांत वायर तुटलेली किंवा शॉर्ट नाही, पण आकडा पटण्यासारखा नाही अशी ईसीयूची तक्रार असते. तिथे कनेक्टरमधला गंज, म्हातारा झालेला सेन्सर, एक्झॉस्टची गळती किंवा अदलाबदल झालेले कनेक्टर शोधायचे. शेजारच्या दोन सेन्सरांचे कनेक्टर अगदी सारखे दिसतात आणि एक्झॉस्टचं काम झाल्यावर ते उलटे लागलेले मी बघितले आहेत. शंका आली तर एकाचाच कनेक्टर काढा आणि पडद्यावर कुठल्या सेन्सरचा आकडा उडतो ते बघा.

कोड लिहून घ्या, फ्रीझ फ्रेमही लिहून घ्या, आणि मगच पुढे जा. घाईने कोड पुसलात तर बिघाड कुठल्या वेगाला, इंजिन किती तापलेलं असताना आला ही माहिती कायमची गेली. एकाच वेळी दोन-तीन सेन्सरांचे कोड आले असतील तर ते सगळे एकदम खराब झाले असं मानू नका. त्यांच्यात सामायिक काय आहे ते डायग्राममध्ये बघा, बहुधा एखादा मधला कनेक्टर किंवा एकच अर्थ.

सकाळच्या थंड गाडीवरची तपासणी

ही माझी सर्वांत आवडती तपासणी. एकही नट न सोडता, हात काळे न करता होते आणि बरंच काही सांगून जाते.

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर सगळे तापमानाचे आकडे एकत्र लावा: कूलंट, इनटेक एअर आणि सगळे एक्झॉस्ट सेन्सर. रात्रभरात सगळी गाडी एकाच तापमानाला आलेली असते, त्यामुळे हे आकडे एकमेकांच्या आसपास हवेत. पाच-दहा अंशांचा फरक चालतो. एखादा सेन्सर बाकीच्यांपासून फटकून बसला असेल तर चोर तिथेच आहे.

किती फटकून बसलाय हेही बोलकं असतं. पीटी२०० मध्ये एका अंशाला साधारण पाऊण ओहमचा फरक पडतो. म्हणजे कनेक्टरच्या पिनवर गंज चढून वाटेत ४० ओहम जादा आले तर आकडा पन्नासेक अंशांनी वर जाणार. बाहेर ३० अंश आणि हा सेन्सर म्हणतोय ८२, असं दिसलं तर सेन्सरला हात लावण्याआधी कनेक्टर उघडून बघा. एनटीसीत हेच ४० ओहम थंड असताना दिसणारही नाहीत, कारण लाखांच्या तुलनेत ते काहीच नाहीत. तिथे गंजाचा परिणाम सेन्सर भरपूर तापल्यावर जाणवतो. ओल मात्र एनटीसीला थंड असतानाच पकडते: कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की दोन पिनांमधून थोडा करंट गळतो आणि सेन्सर आहे त्यापेक्षा गरम वाटतो.

एक सावधगिरी. कोड लागलेला असताना काही ईसीयू खऱ्या आकड्याच्या जागी स्वतःचा ठरवलेला आकडा दाखवतात. इंजिन तापत गेलं तरी आकडा दगडासारखा जागचा हलत नसेल तर तो सेन्सरचा नाही, ईसीयूचा पर्यायी आकडा आहे हे ओळखा. स्कॅनर सेन्सरचं व्होल्टेज दाखवत असेल तर तेच बघा, ते खोटं बोलत नाही.

आकडे जुळले तर इंजिन चालू करून ते कसे चढतात ते ग्राफवर पाहा. मॅनिफोल्डजवळचा सेन्सर आधी आणि भरभर चढतो, मागचे सावकाश. चढण सलग हवी. मधेच उडी, मधेच खड्डा दिसला तर कुठेतरी ढिला जोड आहे.

डोळे आणि बोटं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. एक्झॉस्ट शेकडो अंशांना तापतो आणि तासाभरानेही हात भाजतो. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका, स्टँड लावा. इंजिन चालू ठेवून काम करायचं तर मोकळ्या हवेत. रिजनरेशन चालू असेल तर गाडी सुक्या गवतावर उभी नको.

मग सेन्सरपासून सुरुवात करून वायर बोटांत धरत कनेक्टरपर्यंत आणि तिथून मुख्य हार्नेसपर्यंत, म्हणजे वायरींच्या जुडग्यापर्यंत, जा. वायर जिथे एक्झॉस्टच्या किंवा टर्बोच्या अंगाला लागते, जिथे क्लिप तुटलीय, जिथे हीट शील्डची धार वायरीवर घासते, जिथे इंजिन हलतं पण बॉडी हलत नाही, या जागा पहिल्या. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही सापडतात. कनेक्टर उघडा. पिनवर हिरवट थर, आत पाणी, मागे सरकलेली पिन, वितळून काळपट झालेलं प्लास्टिक, सैल पडलेली बायकी पिन बघा. सैल पिन नुसत्या नजरेला कळत नाही. त्याच मापाची सुटी पुरुषी पिन आत घालून बाहेर ओढा: थोडा अडकाव जाणवायला हवा. लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली तर ती पिन बदलायची.

कनेक्टर काढून बघा, मग जोडून बघा

या तपासणीसाठी मी हा लेख लिहायला घेतला. पाच मिनिटांत अर्धी साखळी निर्दोष ठरवता येते.

आधी खात्री करा की सेन्सर दोन वायरींचा आहे. काही गाड्यांत थर्मोकपलचा, सोबत छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असलेला सेन्सर असतो आणि तो ईसीयूला डिजिटल सिग्नल पाठवतो. त्याला सहसा तीन वायरी येतात. त्याच्यावर ही जोडाजोड करायची नाही आणि त्याचा रेझिस्टन्स मोजण्यालाही अर्थ नाही. तिथे सप्लाय आणि अर्थ नीट येतात का हे बघायचं आणि सिग्नल ऑसिलोस्कोपवर पाहायचा.

दोन वायरींचाच असेल तर इग्निशन ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर त्याच सेन्सरचा आकडा समोर. आता कनेक्टर काढा. सर्किट ओपन झालं. पीटीसीत आकडा वरच्या टोकाला, एनटीसीत खालच्या टोकाला जायला हवा. मग हार्नेसकडच्या कनेक्टरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. तुकड्यात छोटा फ्यूज घातलेला असेल तर उत्तम. वायर पिनमध्ये कोंबू नका, पिन फाकली तर नवा बिघाड तुम्हीच तयार केलात. योग्य जाडीची पिन लावलेला तुकडा बनवून ठेवा, वर्षानुवर्षं कामी येतो. जोडलं की आकडा दुसऱ्या टोकाला उडायला हवा. आकडा हलला नाही तर एकदा इग्निशन बंद करून पुन्हा ऑन करा, कारण पर्यायी आकड्याची भानगड इथेही असू शकते.

आता यातून काय कळलं ते बघा. आकडा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला, म्हणजे कनेक्टरपासून ईसीयूपर्यंतच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूची मोजणी या घडीला शाबूत आहेत. संशय सेन्सरकडे आणि कनेक्टरच्या पिनांकडे वळला. आधी ‘लो’ होता आणि कनेक्टर काढल्याबरोबर तो ‘हाय’ झाला, तर शॉर्ट सेन्सरच्या किंवा त्याच्या स्वतःच्या वायरीच्या आत आहे. काढूनही ‘लो’च राहिला तर शॉर्ट हार्नेसमध्ये किंवा क्वचित ईसीयूत. आधी ‘हाय’ होता आणि पिना जोडूनही ‘हाय’च राहिला तर सिग्नल किंवा अर्थ, दोघांपैकी एक वायर तुटलेली आहे. कोणती ते ओळखायला सिग्नलची पिन थेट चांगल्या बॉडी अर्थला जोडा. मात्र ही पिन सिग्नलचीच आहे हे डायग्रामवर दोनदा बघून. आकडा आता उडाला तर सिग्नल वायर चांगली, अर्थची वायर गेलेली. तरीही हलला नाही तर सिग्नल वायर शोधा.

मीटरवर व्होल्ट

हीच गोष्ट मीटरने पक्की करता येते. कनेक्टर काढलेला, इग्निशन ऑन. मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार हार्नेसकडच्या सिग्नल पिनला. ५ व्होल्टच्या जवळपास हवेत. १२ व्होल्ट दिसले तर सिग्नल वायर कुठल्या तरी सप्लायला टेकलीय. तशीच जोडाजोड करून ईसीयूचं नुकसान करू नका, आधी ते शोधा. आता लाल तार सिग्नलवर ठेवून काळी तार कनेक्टरच्या अर्थ पिनवर न्या. तोच आकडा आला तर अर्थ पोहोचतोय. लक्षणीय कमी आला तर अर्थच्या वाटेत अडथळा आहे.

सगळं चालू स्थितीत, कनेक्टर जोडलेला ठेवून, अर्थ पिन आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात मोजलं तर आकडा ०.१ व्होल्टच्या आत असावा. तार कनेक्टरच्या मागच्या बाजूने हलक्या हाताने घाला. वायरीचं इन्सुलेशन टोचू नका. आज टोचलेलं भोक पुढच्या पावसाळ्यात हिरवं होतं.

सेन्सर मोजताना

सेन्सर थंड, कनेक्टर काढलेला, मीटर ओहमवर. आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून बघा. तारांचाच रेझिस्टन्स अर्धा ओहमपर्यंत असू शकतो, तो मनातल्या मनात वजा करा. पीटी२०० असेल तर थंड असताना २२० च्या आसपास यायला हवं. मॅन्युअलमधला आकडा नेहमीच शेवटचा शब्द, कारण सगळे प्लॅटिनम सेन्सर पीटी२०० नसतात.

एनटीसीत नवखे हमखास फसतात. मीटर लहान रेंजवर ठेवून मोजलं की ‘ओएल’ (आकडा रेंजच्या बाहेर) दिसतं आणि सेन्सर तुटला असा निकाल लागतो. रेंज मोठी करा. आणि त्या रेंजवर दोन्ही टोकं बोटांनी पिनांवर दाबून धरू नका. तुमच्या अंगाचा रेझिस्टन्सही लाखांतच असतो, मग मीटर सेन्सरऐवजी तुम्हालाच मोजत बसतो. क्लिप वापरा.

सेन्सर बाहेर काढलेला असेल तर हॉट एअर गनने टोक हळूहळू तापवा. प्लॅटिनमचा आकडा सलग चढत जाईल, एनटीसीचा सलग उतरेल. मधे उडी दिसली, किंवा वायर हलवल्यावर आकडा थरथरला, तर आतला जोड तुटत आलाय. एक पिन आणि सेन्सरचं लोखंडी अंग यांच्यातही मोजा: तिथे ‘ओएल’ यावं. ठरावीक ओहम दिसले तर इन्सुलेशन आतून फुटलंय.

वायर चांगली दिसते म्हणून चांगली नसते

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गाडी आली होती. पी०५४६, आणि सेन्सर आधीच दोनदा बदललेला. दुसऱ्या सेन्सरचं अंग अजून चकचकीत होतं. कनेक्टर काढून-जोडून बघितलं, आकडे दोन्ही टोकांना व्यवस्थित गेले. वायरची कंटिन्युइटी (ती टोकापासून टोकापर्यंत सलग आहे का) बघितली, मीटर बीप करतोय. सगळं ठीक. मीही क्षणभर अडलो, कारण या हिशेबाने पुन्हा सेन्सरकडेच बोट जात होतं.

मग इंजिन चालू करून आकड्याचा ग्राफ लावला आणि एका माणसाला ॲक्सिलरेटर दाबून सोडायला सांगितलं. प्रत्येक वेळी इंजिन माउंटवर डुललं की ग्राफ सरळ वरच्या टोकाला उडी मारायचा आणि परत खाली. वायर इंजिनवरून बॉडीकडे जिथे ओलांडते तिथली क्लिप तुटलेली होती. वायरीचं इन्सुलेशन पूर्ण अखंड होतं, ओरखडाही नव्हता. पण बोटांत धरून वाकवत गेलो तेव्हा एका जागी ती बाकीच्यापेक्षा मऊ लागली, नको तेवढी सहज दुमडली. हलकेच ओढलं तर तिथे रबरासारखी ताणली. आतलं तांबं तुटलं होतं आणि दोन टोकं इन्सुलेशनच्या नळीत एकमेकांना टेकून होती. गाडी उभी असताना टेकलेली, इंजिन डुललं की सुटलेली. तेव्हापासून वायर चांगली आहे हे मी ती हलवल्याशिवाय म्हणत नाही.

म्हणून कंटिन्युइटी तपासताना एवढं करा. इग्निशन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, ईसीयूचा कनेक्टर आणि सेन्सरचा कनेक्टर दोन्ही सुटे. चालू सर्किटवर ओहम कधीच मोजू नका. वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक ओहमच्या आत, वायर ते बॉडी ‘ओएल’, वायर ते शेजारची वायर ‘ओएल’. मोजत असतानाच हार्नेस थोडा थोडा करून हलवा, वाकवा, ओढा. आणखी खात्री हवी असेल तर दोन्ही टोकं सुटी असताना त्या वायरीतून बॅटरीवर ५ वॉटचा छोटा बल्ब पेटवून बघा. वायरीच्या वाटेत अडथळा असेल तर मीटरने बीप केला तरी बल्ब मंद पेटतो. एकही टोक ईसीयूला जोडलेलं असताना हा बल्ब लावायचा नाही.

तुटलेली हार्नेस वायर जोडताना नुसती पिळून टेप गुंडाळू नका. चांगला क्रिंप, त्यावर उष्णता सोसणारी स्लीव्ह, आणि वायर मूळच्या वाटेने, नव्या क्लिपमध्ये. सेन्सरची स्वतःची वायर तुटली असेल तर ती जोडत बसू नका, सेन्सर बदला. ती वायर खास उष्णतेसाठीची असते आणि प्रत्येक जोड म्हणजे वाटेत जादा ओहम.

सेन्सर बदलायचाच असेल तर

आता सेन्सरच दोषी ठरला. आदल्या दिवशी आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. काढताना साध्या पान्याऐवजी वायर जाईल अशी फट असलेला सॉकेट किंवा फ्लेअर पाना घ्या. हेका धरला तर जोर वाढवू नका. थोडं घट्ट, थोडं ढिलं असं मागेपुढे करत काढा, मधे पुन्हा तेल. आटे खराब झाले तर बाहेर पाइप किंवा पूर्ण डीपीएफ काढावा लागतो, त्यापेक्षा अर्धा तास धीर बरा.

नव्या सेन्सरचं टोक पडू देऊ नका, वाकवू नका. अँटिसीझ पेस्ट (आटे गंजून अडकू न देणारी) फक्त आट्यांवर, टोकावर एक थेंबही नाही. बऱ्याच नव्या सेन्सरांना कारखान्यातूनच ती लावलेली असते, तिथे वरून लावायची गरज नाही. आधी हाताने फिरवून बसवा, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला. घट्ट करताना वायरीला पीळ बसत नाही ना हे बघा. वायर एक्झॉस्टपासून दूर, मूळ क्लिपांत, किंचित ढिलाई ठेवून. ताणून बसवलेली वायर इंजिन डुलताना स्वतःच स्वतःला तोडते.

काम झालं हे कशावरून

कोड पुसला आणि दिवा गेला, एवढ्यावर गाडी सोडू नका. एनटीसी असलेल्या काही गाड्यांत हे विशेष लागू आहे. थंड सेन्सरचा रेझिस्टन्स इतका मोठा असतो की थंड सेन्सर आणि तुटलेली वायर यांतला फरक ईसीयूला कळतच नाही. म्हणून तो इंजिन बराच वेळ चालून एक्झॉस्ट तापेपर्यंत थांबतो आणि मगच ओपनचा कोड लावतो. गॅरेजमध्ये पाच मिनिटं चालवून कोड आला नाही, याचा त्या गाडीत काहीच अर्थ नसतो.

गाडी व्यवस्थित तापेपर्यंत चालवा, ग्राफ चालू ठेवून. खड्ड्यातून, वळणांवरून न्या, ॲक्सिलरेटर दाबा-सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थंड गाडीवरची तुलना करा. आणि बिघाड बरेच दिवस चालू होता असं मालकाने सांगितलं असेल तर डीपीएफमधला काजळीचा भार स्कॅनरवर बघा. त्या काळात रिजनरेशन पूर्ण झालेलं नसण्याची शक्यता मोठी. भार मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर स्कॅनरमधून रिजनरेशन करून घेता येतं, मर्यादेच्या वर गेला असेल तर ते जबरदस्तीने सुरू करू नका, कारण जास्त काजळी एकदम पेटली तर गाळणीच तडकते. सोबत इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून बघा. अर्धवट सुटलेल्या रिजनरेशनांतलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वर चढते. पातळी खुणेच्या वर असेल, ऑइल पातळ वाटत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल आणि फिल्टर बदलूनच गाडी द्या.